वकीलसाहेबांचा सूर्यनमस्कार

मागच्या दिवाळीत मी माझ्या सासऱ्यांना शास्त्रशुद्ध पद्धतीनं वाकवलं. ते सरळ झाले तुळशीच्या लग्नाला.

मी अमरावतीच्या एका शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे. नांदगाव खंडेश्वरकडच्या आमच्या घराण्यात कॉलेजात पाऊल ठेवणारा मी पहिला माणूस. आधी पदवी घेतली, मग बी.पी.एड. केलं. दोन्ही प्रमाणपत्रं आमच्या बापानं फ्रेम करून देव्हाऱ्याच्या वर टांगली आहेत (देवांनी अजून तक्रार केलेली नाही). पण शाळेत मी 'पीटीचे सर'. पीटीचे सर म्हणजे शिट्टी, टोपी आणि गणिताचे सर रजेवर गेले की त्यांचा वर्ग सांभाळणारा माणूस. याचा थकवा येतो, पण सवयही झाली आहे.

सवय झाली नव्हती ती सासऱ्यांची. सासरे अकोल्याचे नामांकित वकील, आता घरीच असतात. सासूबाईंसकट सगळं घर त्यांना 'वकीलसाहेब' म्हणतं. मी तोंडानं 'बाबा' म्हणतो, मनात वकीलसाहेबच. त्यांनी मला कधी एका शब्दानं दुखावलं नाही. फक्त पाहुण्यांपुढे ओळख करून देताना "आमचे जवाईबापू शिक्षण खात्यात आहेत" एवढं सांगत आणि लगेच कापसाच्या भावाकडे वळत. खातं सांगत, विषय सांगत नसत. या माणसानं एकदा तरी मला शिक्षक मानावं, एवढीच माझी इच्छा होती.

मागच्याच वर्षी, दिवाळीच्या आधी, आमचं शिक्षकांचं प्रशिक्षण झालं. विषय होता पाठ नियोजन आणि अध्ययन शैली. काही मुलं पाहून शिकतात, काही ऐकून, काही करून. तेव्हा प्रत्येकाची शैली ओळखा आणि तसा पाठ आखा, असं आम्हाला सांगण्यात आलं. माझ्या वर्गात सत्तर पोरं आणि एक फुटबॉल आहे (त्यात हवा नसते). निम्मी पोरं न पाहता, न ऐकता, न करता दरवर्षी पास होतात. त्यांची शैली कोणती म्हणायची, असं मी उभं राहून विचारलं, तर प्रशिक्षण देणाऱ्या साहेबांनी चहाची सुट्टी जाहीर केली.

तरी विषय डोक्यात बसला. दिवाळीला अकोल्याला पोचलो, तर डॉक्टरांनी वकीलसाहेबांना आणि सासूबाईंना हलका व्यायाम सांगितलेला! मला वाटलं, माझ्यासाठी वर्गच भरला. दोनच विद्यार्थी, झाडलेला व्हरांडा, आणि मधेच घंटा वाजवायला शिपाई नाही. मी रीतसर पाठ लिहून काढला. घटक : सूर्यनमस्कार. साहित्य : दोन सतरंज्या, एक शिट्टी.

माझी बायको प्रणिता करंज्या लाटत होती. तिनं ते वाचलं आणि म्हणाली, "सुट्टीत तरी शिट्टी बाजूले ठेवा. बाबा तुमाले नाही म्हणणार नाहीत, म्हणून सांगून राहिली."

मी ते कौतुक म्हणून घेतलं.

इथे एक सांगितलं पाहिजे. आमच्या वऱ्हाडात जवायाला कोणी नाही म्हणत नाही. जवायानं जेवताना पंखा बंद करा म्हटलं, तर घामानं निथळत सगळे पंखा बंद करतात. त्यामुळे विद्यार्थ्यांची अध्ययन शैली ओळखण्यासाठी मी जी प्रश्नावली केली होती, तिचं व्हायचं तेच झालं. तुम्हाला पाहून लवकर समजतं की ऐकून, असं मी वकीलसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "तुमी म्हणाल तसं, जवाईबापू." सासूबाईंना विचारलं, तर त्या दाराआडून म्हणाल्या, "त्यायचं जे असंन, तेच माहं."

मग मीच ठरवून टाकलं. वकील म्हणजे जन्मभर दोन्ही बाजू ऐकलेला माणूस. तेव्हा वकीलसाहेब ऐकून शिकणारे. सासूबाई नुसत्या नजरेनं तेलाचा अंदाज घेतात. तेव्हा त्या पाहून शिकणाऱ्या. त्यांनी माझं पाहून करायचं, वकीलसाहेबांनी माझं ऐकून करायचं.

आता ज्या दोन गोष्टी माझ्याशिवाय सगळ्यांना ठाऊक होत्या, त्या सांगतो. पहिली, वकीलसाहेबांचा डावा कान साफ गेलेला होता आणि उजवा जायच्या वाटेवर होता. साऱ्या कोर्टाला माहीत होतं, पण जवायाला कसं सांगायचं? दुसरी गोष्ट, सासूबाई माझ्यासमोर आल्या की पदर पुढे ओढून मान खाली घालत. लग्नापासून त्यांनी माझं तोंड धड पाहिलेलं नव्हतं. म्हणजे पाहून शिकणारी विद्यार्थिनी फरशीकडे पाहत होती, ऐकून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ऐकू येत नव्हतं म्हणून तो तिच्याकडे पाहत होता, आणि मी समोर उभा राहून दोघांवर खूश होतो!

मी शिट्टी वाजवली आणि हात वर घ्यायला सांगितलं. सासूबाईंनी फरशीवर काय पाहिलं देव जाणे, त्या वाकल्या. नमस्कार म्हटलं की वाकायचं, असा त्यांचा हिशेब असावा. त्या वाकल्या म्हणून वकीलसाहेब वाकले, आणि तेही असे वाकले की हात थेट सतरंजीला टेकले. मी थक्क झालो. माझ्या सत्तर पोरांपैकी कोणी इतक्या लवकर पुढच्या स्थितीला पोचलेलं नाही. मी लगेच नियोजन बदललं (प्रशिक्षणात हेही शिकवलं होतं). दोघांना तसंच थांबायला सांगितलं, आणि ऐकून शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी मांडीमागच्या स्नायूंवर सविस्तर व्याख्यान दिलं.

व्याख्यान संपल्यावर सरळ व्हा म्हणालो. सासूबाई सरळ झाल्या. वकीलसाहेब नाही झाले. मी त्यांच्याकडे बोट दाखवून सासूबाईंना म्हणालो, "पाहा आई, याले म्हणतात स्थिरता." बिचाऱ्या पुन्हा वाकल्या.

तेवढ्यात वकीलसाहेबांचे कोर्टातले जुने मित्र कुळकर्णी वकील फराळाला आले. वकीलसाहेबांनी वाकल्या वाकल्याच त्यांचे बूट ओळखले आणि म्हणाले, "या, बसा. जवाईबापू शिकवून राहिले."

शिकवून राहिले! माझा ऊर भरून आला. ज्या शब्दासाठी मी एवढी वर्षं थांबलो होतो, तो त्यांनी स्वतःच्या तोंडानं, परक्या माणसासमोर उच्चारला होता. मी शिट्टी हातात घेऊन उभाच राहिलो.

कुळकर्णी मात्र बसले नाहीत. ते उकिडवे झाले, वकीलसाहेबांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि विचारलं, "साहेब, कंबर धरली का?"

"केव्हाचीच."

"मग सांगत काहून नाही?"

"जवाई आहेत."

पुढचं थोडक्यात सांगतो. प्रणिता पिठाच्या हातांनी धावत आली आणि मला जे बोलायचं ते बोलली. ऑटो आला. ऑटोवाल्यानं काटकोनात चालत येणाऱ्या वकीलसाहेबांना पाहून काही हरवलं का म्हणून विचारलं, आणि स्वतःही खाली वाकून शोधायला लागला. वकीलसाहेबांना मागच्या सीटवर पालथं घातलं. मी पुढे ड्रायव्हरशेजारी अर्धा बाहेर लोंबकळत गेलो. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, पट्टा बांधला, आणि हे कोणाच्या सांगण्यावरून केलं म्हणून विचारलं. वकीलसाहेब म्हणाले, "माह्याच मनानं." मी त्यांच्या पायाशी उभा होतो. शिट्टी अजून गळ्यातच होती.

पाडव्याला मी त्यांच्या उशाशी बसलो. मनातून फार वाईट वाटत होतं, पण मी पडलो शिक्षक. उजव्या कानाशी जाऊन म्हणालो, "बाबा, चूक माझीच झाली, शैली चुकली. जरा बरं वाटलं की आपण करून शिकण्याची शैली घेऊ. हळूहळू."

वकीलसाहेबांनी छताकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले.

 त्या घरात जवायाला उद्देशून हा शब्द पहिल्यांदाच निघाला होता.

"नाही म्हंजे नाही, गजानन. सारा जन्म कोर्टात हरकत घेतली मी. घरात घ्यायची हिंमत आज झाली." बोलून झाल्यावर त्यांचा चेहरा असा मोकळा झाला, की इंजेक्शननंही तेवढा झाला नव्हता.

तेव्हापासून मी अकोल्यात काहीही विचारलं की 'नाही'च ऐकू येतं. पंखा बंद करू का? नाही. बातम्या बदलू का? नाही. जाताना अनारसे मागितले, तर सासूबाईंनी पदर मागे सारला, मान वर केली, माझ्याकडे नीट पाहिलं (जरा निराश दिसल्या) आणि डबा कपाटात ठेवला.

एका पाठात दोन्ही विद्यार्थी कायमचं काही शिकले, असं माझ्या नोकरीत एकदाच घडलं. त्या उत्साहात सुट्टीनंतर मी मुख्याध्यापकांना गाठलं, आणि अध्ययन शैलींवरचा हा पाठ सगळ्या शिक्षकांसमोर करून दाखवू का, म्हणून विचारलं. ते नाही म्हणाले. त्यांना तर मी अजून शिकवलंही नव्हतं!