माफ असलेले रोजे

माझ्या थोरल्या बहिणीच्या, आपाच्या, नवऱ्यानं, म्हणजे आमच्या दुल्हाभाईंनी, आयुष्यात एकही गोष्ट बेतानं केली नाही. पुण्याहून दिल्लीला आले ते कंपनीच्या नोकरीवर. मग रस्त्यावर रोज नवी गाडी दिसायला लागली, तशी नोकरी सोडून त्यांनी करोल बागेत गाड्यांच्या सामानाचं दुकान टाकलं. सीट कव्हर, स्टिरिओ, डॅशबोर्डवर मान डोलवत बसणारी प्लास्टिकची कुत्री. त्या कुत्र्यांवर नोएडात फ्लॅट झाला. आजूबाजूला अजून शेतं होती, दिवसातून चारदा वीज जायची, पण हॉलमध्ये झुंबर टांगलेलं. ते इतकं खाली लोंबायचं की सोफ्यावर बसायला मला वाकून जावं लागे.

झुंबरानंतर त्यांना धर्म सापडला. तोही तसाच, मोठ्या साइजचा. दाढी वाढली, टीव्ही कपाटात गेला. आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आले की आधी रेडिओ बंद करायचे. माझ्या अम्मीची उभ्या जन्मात कधी नमाज चुकली नसेल. तिला हे गृहस्थ सजद्यात, कपाळ जमिनीला टेकताना, कोपर कुठं ठेवायचं ते शिकवत. अम्मी मान डोलवायची. जावईबापूंना उलटून बोलायचं नाही हे आम्ही साताऱ्याहून बरोबर आणलं होतं, आणि दिल्लीत बाकी सगळं विसरलो तरी तेवढं जपलं होतं.

आमचे अब्बा वेगळे होते. ते केंद्र सरकारच्या कचेरीत होते आणि एतदाल हा त्यांचा लाडका शब्द होता. एतदाल म्हणजे बेत, मधला रस्ता. नळ धो धो वाहत असला तरी वजू, म्हणजे नमाजाआधीचं हातपाय धुणं, अर्ध्या तांब्यात करायचा. दोन घास भूक राहिली की ताटावरून उठायचं. रात्ररात्र इबादत करून दिवसा बायकापोरांवर खेकसणाऱ्यांची त्यांना चीड होती. शरीराचाही माणसावर हक्क असतो आणि घरच्यांचाही, असं ते म्हणत. धर्मानं जे सोपं करून दिलंय ते घ्यायला लाजू नये, हेही ते सांगत. आजारी माणूस, प्रवासी, पोटुशी बाई यांना रोजा माफ आहे. सवडीनं नंतर भरून काढायचा. अब्बा गेले आणि एतदाल माझ्याकडे आला. मला तो फार सोयीचा पडला. कुठं वाद दिसला की मी एतदाल पुढं करून गप्प बसायचो, आणि लोक मला समंजस म्हणायचे.

त्या वर्षी रमजान ऐन डिसेंबरात आला. आपाला सातवा महिना होता, तिचं वजन वाढत नव्हतं, आणि डॉक्टरीणबाईंनी रोजे नकोत म्हणून स्पष्ट सांगितलं होतं. अम्मी तिला माहेरी आणायला गेली. दुल्हाभाई म्हणाले, "ईदनंतर न्या. तुमच्याकडे रोज्याचा माहौल नाही." अम्मी हळूच म्हणाली, "जावईबापू, तिला माफ आहेत ना रोजे." यावर त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "अम्मी, बहाणे शोधणाऱ्यांना बहाणे मिळतात. दिवस तर इतका छोटा आहे, यार." मग अम्मीच तिथं राहिली, आणि आपा रोजे धरत राहिली.

त्याच आठवड्यात मी अम्मीसाठी शाल घ्यायला करोल बागेत गेलो आणि सहज दुकानात डोकावलो. दुपारचे दोन वाजले असतील. शटर अर्धं खाली. आत सीट कव्हरांच्या ढिगावर बसून दुल्हाभाई छोले-भटुरे खात होते. बोटांना तेल, दाढीत कांदा. मला पाहून क्षणभर थांबले, मग घास पुरा केला.

"प्रवासात आहे," ते म्हणाले. "प्रवाशाला रोजा माफ असतो. बिल्कुल जायज."

"कुठला प्रवास, दुल्हाभाई?"

"नोएडा ते इथं. जमना ओलांडून येतो मी."

रोज सकाळी हीटर लावलेल्या गाडीतून यायचं आणि सूर्य बुडायच्या आत घरी परतायचं, हा यांचा सफर! मला किळस आली. माणसाची आली, त्या तेलकट बोटांची आली. निघताना ते म्हणाले, "घरी बोलू नका. तिला उगाच टेन्शन." मी मान डोलवली. त्यांच्या दुकानातल्या कुत्र्यासारखीच डोलवली असणार.

पुढच्या रविवारी मी नोएडाला इफ्तारला गेलो. रविवारी दुकान बंद, त्यामुळे गृहस्थ प्रवासात नव्हते. रोजा धरून आत रजईत घोरत होते. आपा स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी भजी, चाट, कबाब, बिर्याणी करत होती. चार माणसांना आठवडाभर पुरेल एवढं. तिचे ओठ पांढरे पडले होते. मी म्हटलं, "थोडं बस ना." याहून जास्त काही म्हटलं नाही. ती बेसनाचा डबा काढायला वळली आणि ओट्याला धरून खाली घसरली.

अम्मीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि मला साखरपाणी करायला सांगितलं. आवाजानं दुल्हाभाई दारात आले. त्यांनी आधी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं.

"चाळीसच मिनिटं उरलीत मगरिबला, रोजा सोडायला," ते म्हणाले. "आता कशाला मोडते?"

अम्मी, जी आजवर त्यांना अहो-जाहोशिवाय बोलली नव्हती, म्हणाली, "तू बाहेर जा."

ते गेले. आपानं पेला दोन्ही हातांनी धरला आणि तळापर्यंत प्यायली. मला वाटलं, आता तरी बोलावं. मी छोले-भटुऱ्यांचं, शटरचं, जमनेचं सगळं सांगून टाकलं. चांगलं तावातावानं सांगितलं. आपण फार मोठं धैर्य दाखवतोय असं मला वाटत होतं.



"मला माहीत आहे," आपा म्हणाली. "शर्टावरचे डाग मीच धुते ना. त्यांच्याकडून मी कसली अपेक्षाच धरली नव्हती." पेला खाली ठेवून तिनं माझ्याकडे पाहिलं. "पण तुला कधी कळलं?"

"मंगळवारी," मी म्हणालो.

ती मंगळवारपासूनचे रोजे बोटांवर मोजत नव्हती, नुसती बघत होती. मग अम्मीला म्हणाली, "माझी बॅग भर. टॅक्सी बोलाव. याच्याबरोबर नको, आपण दोघीच जाऊ."