काचेच्या बशीतलं वर्तुळ

रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तिला सगळे ताई म्हणत. कान-नाक-घसा विभागातून कापूस गुंडाळलेल्या काड्या यायच्या. त्या काचेच्या बशीत फिरवायच्या, वर औषधाच्या टिकल्या ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. जंतू औषधाला भीक घालत नसतील तर टिकलीला खेटून वाढतात. औषध भारी पडलं तर भोवती स्वच्छ वर्तुळ राहतं. स्थळं अशी तपासता आली असती तर किती संसार वाचले असते, असं ती डबा खाताना म्हणायची.

तिचे वडील शिलाई मशीन दुरुस्त करायचे. उघडण्याआधी ते मशीन चालवून डोळे मिटून ऐकत आणि नेमका दोष सांगत. त्यांचा एक कान लहानपणीच गेला होता. आता दुसराही वाहू लागला, गिऱ्हाइकांना एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू लागली आणि मूळचा गमत्या माणूस उठल्यासुटल्या चिडू लागला. विभागात एका नव्या अँटिबायोटिकची चाचणी चालू होती. ताईने त्यांच्या कुरकुरीला दाद न देता त्यांना तिथे नेलं.

त्यांच्या कानातल्या जंतूंची बशी तिनेच पाहिली. नव्या औषधाभोवती भलंमोठं वर्तुळ होतं. तिचा जीव भांड्यात पडला. घरात शिरताच ती त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाली, "बाबा, आता पहिल्यासारखं ऐकू येणार. माझा शब्द."

इथेच तिचं चुकलं. बशीत जंतू मरताना दिसतात. त्यांनी कानात आधीच काय कुरतडून ठेवलंय, ते बशीला कुठून कळणार? नवीन आलेल्यांना हे ती स्वतःच बजावून सांगायची. पण घरच्या माणसाची वेळ आली की शहाणपण चपलांबरोबर दाराबाहेर राहतं.

औषध लागू पडलं आणि कान कोरडा झाला. डॉक्टरांनी आत दिवा धरून पाहिलं आणि ते म्हणाले, "बरा झाला." चाचणीत बरा म्हणजे कोरडा. ऐकू येतं का, हे तिथे कुणी विचारत नव्हतं. ताईने घरी विचारलं, तेव्हा वडील तिच्या ओठांकडे बघत म्हणाले, "येतं की. तुझा शब्द खोटा कसा ठरेल?" तिने ते खरं मानलं, कारण तिला तेच हवं होतं.

एका संध्याकाळी ती कामावरून परस्पर त्यांच्या दुकानात गेली. ते दाराकडे पाठ करून बसले होते. मशीन चालू होतं, डोळे मिटलेले होते आणि तळहात मशीनच्या अंगावर घट्ट दाबलेला होता. आवाज गेला होता, म्हणून ते हाताने थरथर चाचपत होते.

"बाबा," ती म्हणाली. मग मोठ्याने म्हणाली. बाकावरचं गिऱ्हाईक वळलं, ते वळले नाहीत. तिला रडू आवरेना. दारातच उभं राहून तिने डोळे कोरडे केले आणि पुढे जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

ते दचकले. तिला पाहून लगेच हसले.

"आलीस? मघाशीच तुझ्या चपलांचा आवाज आला मला."

"हो का, बाबा," ती म्हणाली आणि त्यांना कळावं म्हणून जोरात मान हलवली.