आईंचा कार्यक्रम आणि आमचा नवा व्हीसीआर

मंडळी, डोकं फिरलंय, म्हणून तुमच्याकडे तक्रार घेऊन आले आहे.

माझ्या सासूबाई आज पहिल्यांदाच टीव्हीवर आल्या. महिलांच्या कार्यक्रमात जवळ्याची चटणी करून दाखवायची होती, तीही थेट प्रक्षेपणात. म्हणजे त्यांना स्वतःला बघता येणार नाही. म्हणून तर मागच्या आठवड्यात आम्ही वाशीतून व्हीसीआर आणला. दुकानदार अर्धा तास रिमोटचं आणि कॅसेट वाचणाऱ्या हेडचं कौतुक सांगत होता. मी एकच विचारलं, "टीव्हीवरचं रेकॉर्ड होतं ना?"

"ताई, टेन्शनच घेऊ नका!"

दुपारी कार्यक्रम लागला. मी रेकॉर्डचं बटण दाबलं आणि मशीन मध्येच बंद पडू नये म्हणून सगळा वेळ त्याच्या लाल दिव्याकडेच बघत बसले.

संध्याकाळी आई जुईनगरला घरी आल्या त्या साडीही न बदलता टीव्हीसमोर बसल्या. "लाव गं."

लावली कॅसेट. अर्धा तास नुसतं क्रिकेट! यांनी माहितीपुस्तक उघडलं तेव्हा कळलं, व्हीसीआरवर चॅनल वेगळं लावावं लागतं. टीव्हीवर काय चालू आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. हे त्या दुकानदाराला सांगता येत नव्हतं?

आई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बरं, मी कशी दिसत व्हते ते तरी सांग."

मी तर सगळा वेळ त्या लाल दिव्याकडेच बघत होते!

तुमच्यापैकी कोणी पाहिला का हो तो कार्यक्रम? हिरव्या साडीतल्या बाई. कशा दिसत होत्या?