काकांनी गाळलेलं ओझं

चहासोबत बिस्किटं ठेवली की काका बशी माझ्याकडं सरकवायचे आणि म्हणायचे, "उगं ओझं कशाला, मालक?" मग ती बिस्किटं मीच खायचो.

ढोकीला साखर कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर नोकरी करून ते निवृत्त झाले आणि तुळजापुरात आमच्या गल्लीत राहायला आले. तुम्ही त्यांचं घर पाहिलं असतं तर विचारलं असतं, सामान कधी यायचंय?

माझ्या लॉजवरचा म्हातारा कॉम्प्युटर चालेना, तेव्हा त्यांनी विंडोज काढून त्यावर लिनक्स टाकलं. तेही नुसता सांगाडा. "लागंल तेवढंच ठिवलंय," म्हणाले. कॉम्प्युटर पळू लागला, पण खोल्यांचं बुकिंग ज्यावर यायचं तो मेलचा प्रोग्रॅम दर वेळी पासवर्ड विचारू लागला. 'लक्षात ठेव' असं बजावलं तरी लाईट गेली की सगळं विसरायचा.

मलाही पासवर्ड आठवत नसे. मी काउंटरवरून आत ओरडायचो आणि बायको पोळ्या लाटता लाटता मोठ्यानं सांगायची, "बेंबळी एक दोन तीन." बेंबळी तिचं माहेर.

नवरात्रात सोलापूरहून आलेली मंडळी लॉजच्या पायऱ्यांवर उभी होती. लाईट नुकतीच आलेली. मी आत वळायच्या आधीच समोरच्या फुलवाल्या मावशींनी सांगितलं, "बेंबळी एक दोन तीन, मालक." पाहुणे हसले. मी मात्र घाबरलो. कुणी मेल उघडून बुकिंग पुसलं असतं, तर भरल्या नवरात्रात लेकराबाळांसकट लोक रस्त्यावर झोपले असते.

काका आले, खुर्ची ओढून बसले. स्क्रीनवर हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडून तिच्यातून त्यांनी मेलचा प्रोग्रॅम सुरू केला आणि तो कुरकुरत काय लिहितोय ते वाचत राहिले. "आदी त्याची तक्रार तर ऐकू." मग स्वतःच्या कानाची पाळी धरून म्हणाले, "म्याच गाळला की वो. पासवर्ड सांभाळणारा एक प्रोग्रॅम असतो, त्यो उगं ओझं म्हणून टाकलाच न्हाय."

तो टाकला. तरी पहिले पाढे पंचावन्न. काकांनी पुन्हा तक्रार वाचली आणि हसायला लागले. "राखणदार आणला, पण कामावर ये म्हणून त्याला कुणी सांगितलंच न्हाय." कॉम्प्युटर सुरू होताना त्यालाही उठवायचं, अशी एक ओळ त्यांनी लिहिली. मेल मुकाट उघडला.

"आता मेलचा पासवर्ड बदला. आन् ह्या राखणदाराला एक शब्द द्या, सकाळी एकदाच इचारंल. मला बी सांगू नका," असं म्हणून त्यांनी तोंड रस्त्याकडं फिरवलं. मी त्यांच्याच तोंडचे शब्द टाकले. त्यांना ते कधी कळलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर काका झोपेतच गेले. आजारपणाचंही ओझं कुणावर टाकलं नाही. मला त्यांची फार आठवण येते. बिस्किटं आता कुणी परत करत नाही.

राखणदारानं न विचारताच उघडावं अशी सोय करता येते, हे त्यांनीच मला दाखवलं होतं. मी ती केलेली नाही. परवा सकाळी टाइप करत होतो. रोजचा हार घेऊन आलेल्या मावशी काउंटरशी थांबल्या.

"मालक, ओठ हालतेत तुमचं."

मी तोंडावर हात धरला.

"उगं ओझं कशाला," त्या हळूच म्हणाल्या. "व्हय ना?"

मी मान हलवली. मावशींनी गल्लीत इकडं तिकडं बघितलं, हार माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "ह्यो पासवर्ड न्हाय सांगायची म्या कुणाला."