नागपूर ते भोपाळ, ‘ह’ वगळून

भोपाळच्या काकांचा फोन आला तेव्हा मी वाटाणे सोलत होते. "नंदा, शनिवारी मराठी मंडळाचं संमेलन आहे. तुझ्या आत्याचा सत्कार ठेवलाय. शाल, श्रीफळ, सगळं. तू ये, आणि तिच्या वतीनं आभाराचं भाषण तूच वाच."

काका म्हणजे शैलाआत्याचे यजमान, मंडळाचे सेक्रेटरी. आत्या तीस वर्षं कारखान्याच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती. अख्खी टाउनशिप तिला चेहऱ्यानं कमी आणि आवाजानं जास्त ओळखायची. संमेलनाचं निवेदनही दरवर्षी तिचंच. पाच वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे तिचं स्वरयंत्र काढावं लागलं. तिनं पुन्हा बोलायला शिकून घेतलंय, हे मला माहीत होतं. पण तो आवाज एकदा फोनवर ऐकला आणि मी घाबरले. त्यानंतर मी तिला फक्त गुलाबाची फुलं आणि ‘शुभ सकाळ’ पाठवत बसले. लाज वाटते लिहायला, पण लिहिते. म्हणून काकांना लगेच हो म्हटलं.

शुक्रवारी पहाटे सहाला नागपूर सोडलं. गाडी चालवायला मी, सोबतीला मीच. सावनेर, पांढुर्णा, मुलताई, बैतूल असा सरळ रस्ता आहे. जानेवारीत धुकं असतं, तेव्हा पांढुर्ण्यापर्यंत उगाच शूरपणा करू नका. मुलताईला गरम मूगभजी आणि चहा घ्या, पन्नास रुपयांत पोट भरतं. बैतूलच्या पुढे घाटात ट्रक गोगलगाईसारखे चढतात. तिथे हॉर्न वाजवून काही उपयोग नाही, मी वाजवून पाहिलाय. टोलसाठी फास्टॅगमध्ये पैसे भरून ठेवा. नर्मदेचा पूल ओलांडला की भोपाळ आलंच समजा. दोन वाजता साकेत नगरात पोचले.

दार आत्यानंच उघडलं. गळ्याशी क्रोशाचा पांढरा रुमाल, कारण श्वास आता मानेच्या भोकातून येतो-जातो. पूर्वी मला ‘नंदू’ म्हणायची. आता दोन क्षण थांबली, गिळल्यासारखं केलं आणि म्हणाली, "पोरी! ... किती बारीक ... झालीस गं."

आवाज जाड, खरखरीत, ढेकरातून आल्यासारखा. आणि तो ढेकरच असतो! हवा गिळायची आणि ती बाहेर सोडताना शब्द करायचा. एका घोटात चार-पाच अक्षरं, की पुन्हा घोट. मी मात्र त्या ‘बारीक’वर इतकी खूश झाले की भीती कुठल्या कुठे पळाली. वजनाच्या काट्याला विचारा, मी बारीक-बिरीक काही झालेली नाही.

संध्याकाळी समोरच्या खोलीत तिची शाळा भरली. जवळच्या मोठ्या इस्पितळातून ऑपरेशन करून आलेली माणसं तिच्याकडे बोलायला शिकायला येतात. फी नाही, चहा मात्र सक्तीचा. त्या दिवशी एकटे दुबेजी होते. कारखान्यात क्रेन चालवायचे, निवृत्त झाले, सहा महिन्यांपूर्वी ऑपरेशन. एके काळी त्यांची हाक म्हणे मशिनांच्या आवाजावरून ऐकू जायची. आता हातात लहान मुलांची पाटी. त्यांची बायको, कांताजी, त्यांना घेऊन येते आणि बाहेर व्हरांड्यात बसते.

"प, ट, क सोपे," आत्यानं मला समजावलं. तोंड मिटून उघडतं, तेवढ्यात हवा आत ढकलता येते. "पण तो ... ‘स’नंतरचा ... तो कटकटी." तिनं पाटीवर काढून दाखवला: ह. ‘ह’ला गळ्यातला वारा लागतो आणि तो वारा आता गळ्यापर्यंत पोचतच नाही.

आता बघा, मराठी माणसाचं प्रत्येक वाक्य कुठे जाऊन टेकतं? आहे! हो, नाही, हवं, राहू दे, सगळीकडे तो बसलेलाच. पाच मिनिटं ‘ह’शिवाय बोलून बघा. मी दुसऱ्याच वाक्यात आपटले आणि आत्या खांदे हलवून हलवून हसली. हसण्याचाही आवाज येत नाही तिचा, फक्त खांदे.

दुबेजींना खोलीत दहा-बारा शब्द येत होते. पण घरी एकही नाही. मी विचारलं, "घर पर क्यों नहीं बोलते?" त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘हँसेंगे।’ आत्यानं टेबलावर थाप मारली, "कब तक ... पाटी?" दुबेजींनी पुसून पुन्हा लिहिलं, ‘पहले आप बोलिए। मंच पर। फिर हम घर में।’

आत्यानं खडू घेतला आणि खाली सही ठोकली. झाला करार.

रात्रीच्या जेवणाला हे काकांना कळलं आणि त्यांचा घास हातातच राहिला. "अगं, फालतूमध्ये रिस्क कशाला? सत्कार घे, नमस्कार कर, खाली बैस. नंदा वाचेल ना."

"सत्कार ... मुका?"

"लोक हसतील गं! तू ऑपरेट होऊन आलीस तेव्हा बगीच्यात पोरं नक्कल करायची. तुला माहीत नाही, मी दोघांचे कान पिळले होते. मला पुन्हा नाही बघवणार." काकांचे डोळे भरले. आत्यानं त्यांच्या ताटात कढी वाढली आणि म्हणाली, "तुमी ... कान द्या. बाकी ... मी बगते."

शनिवारी सकाळी तिनं मला जवाहर चौकात पोहे-जिलबी खायला नेलं. पोह्यांवर शेव-बडीशेप, सोबत गरम जिलबी, दोघींचे शंभरही झाले नाहीत. पोह्यांच्या गाडीशीच तिनं काकांनी लिहिलेलं भाषण पर्समधून काढलं आणि पेन्सिलीनं त्यातले सगळे ‘ह’ खोडायला घेतले. ‘मी आपली नेहमीच हितचिंतक राहीन’ याचं काय उरलं सांगू? ‘मी आपली’. मग तिनं तो कागदच चुरगाळला. पण काका पक्के. निघताना दुसरी प्रत त्यांनी माझ्या पर्समध्ये सरकवली, "असू दे. वेळेला उपयोगी पडेल."

संमेलन टाउनशिपच्या कम्युनिटी हॉलमध्ये होतं. तिथले रस्ते रुंद, दोन्हीकडे झाडं, एकसारखी क्वार्टर्स. गाडी लावायला जागाच जागा, नागपूरकरांनी जळून घ्यावं. हॉल भरलेला. कुणी नागपूर-अमरावतीचे, कुणी इंदूर-ग्वाल्हेरचे, तिसरी पिढी तर ‘टाळ्या’ला ‘टाल्या’ म्हणणारी. दुबेजी आणि कांताजी शेवटच्या रांगेत बसले होते.

शाल घातली, नारळ दिला, टाळ्या झाल्या. काका माइकवर म्हणाले, "सौ. शैलाच्या वतीनं आता तिची भाची..." तेवढ्यात आत्यानं त्यांच्या हातातून माइक काढून घेतला.

ती उभी राहिली. गिळलं. काहीच नाही. पुन्हा गिळलं. माइकमधून नुसतं ‘गुळुक’ असं आलं. पुढच्या रांगेतली एक मुलगी फिसकन हसली. काकांनी माझ्याकडे बघून बोटानं खूण केली, कागद! मी पर्समधून कागद काढला. अहो, मी उठलेसुद्धा होते. मग आत्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, शेवटच्या रांगेकडे बघत होती. मी कागदाची घडी केली, खुर्चीवर ठेवली आणि तिच्यावर बसले.

"टाळ्या ... कडक," माइकमधून आवाज आला. "शाल पण ... कडक."

"पाच वर्षं ... गप्प बसले. आता पुरे." घोट. "डॉक्टरांनी ... गळा कापला." घोट. "गप्पा ... कुठे कापल्या?"

आणि सगळा हॉल हसला. पोट धरून, डोळे पुसत हसला. ती मघाची मुलगी तर उभी राहून टाळ्या वाजवत होती. आत्यानं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि पुढचा कार्यक्रम स्वतः पुकारला: "आता ... बालगट. पडदा ... टाका." एकाही वाक्यात ‘ह’ नव्हता, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. काका विंगेत उभे राहून लहान मुलासारखे रडत होते. मीही रडले, का नाही रडणार?

जेवणाच्या वेळी मी दुबेजींना शोधलं. ते पाटी बगलेत धरून आधीच निघून गेले होते. एक शब्द बोलले नव्हते. मला त्यांचा रागच आला. करार म्हणजे करार! आत्या म्हणाली, "दम ... काड, पोरी."

रविवारी सकाळी निघाले. येताना घाटात ट्रक कमी लागले, पाचच्या सुमाराला घरी. डिकीत आत्यानं दिलेली तीळगुळाची गजक आणि दोन किलो मटार. पण सोबत काय आलं म्हणाल, तर तिला फोन करायची हिंमत. आता रोज करते. ती बोलते, मी दोन घोटांच्या मधे गप्प बसायला शिकतेय. माझ्यासारखीला हे किती जड जातं, ते माझ्या नवऱ्याला विचारा.

बुधवारी आत्याच्याच नंबरवरून फोन आला. उचलला तर पलीकडे आत्या नाही, कांताजी. आत्याच्या व्हरांड्यातून बोलत होत्या, धापा टाकत.

"दीदी, ये बोले! आज सुबह, गेट पर, सब्ज़ीवाले के सामने!"

"क्या बोले?"

"मेरा नाम! चालीस साल हो गए ब्याह को, ‘अजी सुनती हो’ के सिवा कभी कुछ नहीं कहा। अब वो ‘हो’ इनसे निकलता नहीं, तो सीधे नाम लेकर पुकारा।"

तेवढ्यात मागून जाड, खरखरीत हाक आली, "कांता!"

"जाइए, बुला रहे हैं," मी म्हटलं.

"सुन रही हूँ," त्या हळूच म्हणाल्या. "जवाब नहीं दे रही। एक बार और बुला लें।"