पाहुण्यांचा आवडता रंग

रविवारच्या पुरवणीत ते पान अजून येतं. एखादी नटी नाहीतर क्रिकेटवाला, आणि त्याला विचारलेले प्रश्न. आवडता रंग कोणता, सुट्टी कुठे घालवायला आवडेल, भीती कशाची वाटते, आनंद म्हणजे तुमच्यासाठी काय. उत्तरंही ठरलेलीच. समुद्राकाठच्या बंगल्यात राहणारी बाई सांगते की मला बाई साधा वरणभात आवडतो. आवडणारच. आम्ही वरणभात आवडतो म्हटलं तर लोक म्हणतील, दुसरं आहे काय याच्या घरी? मी ते पान वाचत नाही. त्यावर तुरीच्या शेंगा सोलतो. त्या प्रश्नांवर माझा जुना राग आहे, कारण ते मलाही एकदा विचारले गेले होते, नुसती गंमत म्हणून, आणि मी खरी उत्तरं देऊन बसलो.

ती आमच्याकडची कापसाची वाईट वर्षं. टीव्हीवाल्यांची गाडी गावात यायची, आमच्याच वावरात उभी राहून आमच्याबद्दल बोलायची आणि चहा न घेता निघून जायची. त्या बातम्यांनी मुंबई-दिल्लीत कुणाला पाझर फुटला का, मला ठाऊक नाही. मुलींचे बाप मात्र त्या नीट लक्ष देऊन बघत. त्यांनी ठरवून टाकलं की शेती करणाऱ्याला पोरगी द्यायची नाही. चपराशी चालेल, होमगार्ड चालेल, दिग्रसला मोबाइलच्या दुकानात काउंटरवर बसणाराही चालेल. उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी ही म्हण आमच्या शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेली होती. ती कुणी पुसली नव्हती, एवढंच.

माझी तिशी उलटत चालली होती. बरोबरचे मित्र बोरी अरबच्या बाजारात पोरं खांद्यावर घेऊन फिरत आणि मला बघून ‘काय नवरदेव’ म्हणून हाक मारत. मी हसायचो आणि घरी येऊन बैलांवर ओरडायचो. बैलांचा काय दोष? पण माणसांवर ओरडायची सोय नव्हती.

शेवटी आर्णीच्या मामाने माझं प्रकरण हातात घेतलं. त्याच्या ओळखीच्या एका रिटायर्ड मास्तरांनी दिग्रसच्या पुढचं एक स्थळ सुचवलं होतं. मामाने तिकडे परस्पर कळवलं की भाचा कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यात परमनंट आहे. मी दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये दोन हिवाळे वजनकाट्यावर उभा राहून गाड्यांच्या चिठ्ठ्या फाडल्या होत्या, तेवढ्यावर हा इमला. एसटीत मामा सारखा शिकवत होता.

“वावराचं नाव काढू नको. विचारलं तं ‘बाबा पाह्यतात’ म्हणजो. अन् हात खिशात ठेव, नखं पाहून कोनीबी सांगन.”

मी मामाच्या पोराचा शर्ट घातला होता, त्याचंच घड्याळ लावलं होतं. बूट तेवढे माझे, आणि ते चावत होते.

मुलीचं घर शेतकऱ्याचंच. बैठकीत पोहे झाले, चहा झाला. पाण्याची बोअर कोणत्या वर्षी आटली, यावर दोन्हीकडच्या माणसांचं बोलणं सुरू झालं. ‘पोरापोरीले बोलू द्या’ ही पद्धत तेव्हा नुकतीच खेड्यात पोचली होती. मला आतल्या खोलीत नेलं. एका बाजूला सोयाबीनची पोती, दुसऱ्या बाजूला शिलाई मशीन. मशीनजवळच्या खुर्चीवर ती, पोत्याला टेकून मी, आणि उंबरठ्यात राखण करायला तिची वहिनी. मी छताचे वासे पाहिले. तिने मशीनचं चाक थोडं फिरवलं.

“अजी, असे मुक्यानं बसान तं लगन होईन का?” वहिनी म्हणाली. पोत्यावरची जुनी पुरवणी तिने उचलली. त्यात एका हिरोइनची मुलाखत होती. “हे घ्या. आता मी विचारतो, तुमी दोघं सांगा. आपूनबी हिरो-हिरोइन. पाहुणे, तुमचा आवडता रंग कोणता?”

“गुलाबी,” मी म्हणालो.

“बाप्पा! गुलाबी? हा तं पोरीचा रंग झाला!”

दोघी हसल्या. इथे मी ‘निळा’ म्हणून सुटलो असतो. पण चारचौघांत पोरगी ठरवलं की कुणाला राग येत नाही?

“तसा गुलाबी नाई,” मी म्हणालो. “कपाशीचं फूल पह्यल्या दिवशी पिवळसर रायते. दुसऱ्या दिवशी गुलाबी होते. तो.”

मशीनचं चाक थांबलं. तिने पहिल्यांदा वर पाहिलं.

“अन् मंग कोमेजून गळते,” ती म्हणाली.

“गळते तं गळते. खाली बोंड धरलं असते ना.”

“धरलं तं,” ती म्हणाली.

मामाचं सगळं शिकवणं पालथ्या घड्यावर पाणी. वहिनीने डोळे बारीक केले. “पाहुणे, तुमी तं जिनिंगात हाय म्हणे?” मी म्हणालो, हो, म्हणजे सिझनमध्ये असतो. वहिनी एवढी हसली की तिने तोंडाला पदर लावला. तीही हसली. मला वाटलं, चला, खोट्याचं ओझं उतरलं आणि कुणी रागावलंही नाही. खरं सांगतो, त्या खोलीत मला बरं वाटायला लागलं. बायकांनी माझ्या बोलण्यावर हसावं आणि ते हसणं टोचू नये, असं फार दिवसांनी घडत होतं.

“आता तू सांग,” वहिनी नणंदेला म्हणाली. “आवडतं ठिकाण?”

“दिग्रसचा एसटी स्टँड.”

“काहून वं?”

“तिथून गाड्या जातात.”

आम्ही हसलो. ती हसली नाही, पण मला वाटलं विनोद करताना न हसण्याची तिची ढब असेल.

“भेव कशाचं वाटते?”

“मिरगाचं,” ती म्हणाली. “मिरीग लागला का घरचे सगळे आभाळाकडे पाह्यतात. कोनीच कोनाशी बोलत नाई. बाबा जेवत नाईत.”

“आमच्या घरीबी तसंच!” मी मोठ्या आनंदाने म्हणालो, जणू पत्रिका जुळली.

मग वहिनीने शेवटचा प्रश्न वाचला. आनंद म्हणजे तुमच्यासाठी काय? हिरोइनने काय उत्तर दिलं होतं ते आठवत नाही. माझं आठवतं. माणसाने आपलं मूर्खपण विसरू नये म्हणून देवाने काही आठवणी पक्क्या करून ठेवल्या आहेत. मी सांगितलं, भादव्यात कपाशी कमरेएवढी झालेली असते. डवरणी, म्हणजे तण काढायची कोळपणी, संपलेली असते, वेचणीला वेळ असतो. अशात सकाळी एकट्याने वावरात जायचं. दवाने पँट गुडघ्यापर्यंत ओली होते. दोन ओळींमधल्या एका तासाने जायचं आणि दुसऱ्या तासाने परत यायचं. काम काहीच नसतं. तेव्हा भाव काय निघेल, पाऊस येईल का, यातलं काही आठवत नाही. तेवढा वेळ मला कशाचीच कमी वाटत नाही.

खिशातले हात बाहेर काढून मी कपाशीची उंची दाखवत होतो, हेही मला कळलं नाही. ती माझ्याकडे बघत होती. असं बघणं माझ्या वाट्याला त्याआधी आलं नव्हतं आणि नंतरही नाही. त्या बघण्यात माया होती. मी आजही पैजेवर सांगेन.

बाहेर आलो तर बैठकीत मामा माझ्या बढतीबद्दल बोलत होता.

पुढचे काही दिवस मी बैलांवर ओरडलो नाही. आईने एका भिंतीला चुना दिला. बाप माझ्याशी कामापुरतंच बोलायचा, तोही म्हणाला की मागच्या खोलीच्या छपराची कवेलू बदलून घेऊ. घरात कुणी ‘लग्न’ हा शब्द उच्चारत नव्हतं, दृष्ट लागू नये म्हणून.

मग स्थळ सुचवणारे ते मास्तर आले. ओट्यावर बसले, पाणी प्यायले. पाणी पिऊन झाल्यावरही पेला हातातच धरून राहिले. आईने ओळखलं.

“नोकरीचं समजलं का त्याइले?” तिने विचारलं.

“ते तं पह्यलेच समजलं होतं. जिनिंगात बारा महिने कोन कामाले असते? मुलीचा बाप तयार होता. म्हणे, खोटं कोन बोलत नाई आजकाल.”

“मंग?”

“पोरगी नाई म्हणते.”

“काय खोट दिसली तिले माह्या पोरात?”

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पेल्याकडे बघत म्हणाले, “खोट नाई जी. ती म्हणते, पोरगा चांगला हाय, मनाचा साफ हाय. पण ज्याले मजबुरीनं शेती करा लागते, तो कवातरी सोडते. याले आवडते. हा नाई सोडणार.”

मी उठून गोठ्यात गेलो. तिथे काही काम नव्हतं. राग एवढा आला होता की बैलांची दावी सोडून पुन्हा बांधत बसलो. लोकांना दारूसाठी नाकारतात, जुगारासाठी नाकारतात, घरच्या रोगासाठी नाकारतात. त्यात निदान सुधारायला काहीतरी असतं. मला, ज्या एका गोष्टीवर माझा जीव आहे, तिच्यासाठी नाकारलं होतं. आणि भांडायला जावं तर ती चुकली कुठे होती? अख्ख्या गावाला, आईबापाला जे माझ्याबद्दल इतक्या वर्षांत कळलं नाही, ते त्या पोरीला हिरोइनच्या प्रश्नांवरून अर्ध्या तासात कळलं. मी तिच्या उत्तरांवर हसलो होतो. तिने माझी ऐकली होती. तिला माणूस नको नव्हता. तिला तो मिरगाचा जून महिना पुन्हा जन्मभर नको होता. मी तिच्या जागी असतो तर मीही नाही म्हटलं असतं, आणि हे कळल्यावर तर माझा राग आणखी वाढला.

संध्याकाळी भाकरी वाढताना आई एवढंच म्हणाली, “आता कोनी विचारलं तं मजबुरी हाय म्हणजो. आवडते कायले म्हणा लागते?”

दिवाळीनंतर आर्णीजवळच्या एका घरी गेलो. तिथे पुरवणी नव्हती, वहिनी नव्हती, पोरापोरीचं बोलणंही नव्हतं. मुलीच्या बापाने पानाला चुना लावता लावता सरळ विचारलं, पुढे काय विचार आहे?

“शेतीत काय रायलं आता?” मी म्हणालो. “मजबुरी हाय म्हणून करून राह्यलो. एक-दोन वर्सात सोडतो. यवतमाळले काईतरी पाह्यतो.”

एवढं गुळगुळीत बोलणं माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं. बापाने मान हलवली. मामाने माझ्या पाठीवर थाप मारली. दाराच्या पडद्याआड बांगड्या वाजल्या. मी पसंत पडलो होतो.

लग्न झालं. बायको चांगली आहे, माझ्यापेक्षा चांगली. त्या दिवशी पडद्याआड तीच उभी होती आणि माझं उत्तर तिने शब्दन्‌शब्द खरं मानलं. माहेरच्यांनी दिलेले स्टीलचे डबे तिने उघडलेच नाहीत. यवतमाळच्या खोलीत काढू म्हणाली. ते अजून खोक्यातच आहेत, आणि आमची थोरली आता कॉलेजात जाते. बायकोने कधी भांडण केलं नाही, कधी टोमणा मारला नाही. मारला असता तर मला सोपं गेलं असतं. फक्त दरसाल, बियाण्याच्या थैल्या घरी आल्या की ती त्यांच्याकडे बघते आणि विचारते, “औंदा शेवटचं ना?”

“हो,” मी म्हणतो, “औंदा शेवटचं.”

मग ती ओटीत बी घेते आणि माझ्या मागोमाग वावरात येते.