पाच वर्षांची ओळख

१९७१ च्या डिसेंबरात, युद्ध चालू असताना, जबलपूरच्या परवाना समितीने एका टॅक्सीचालकाचा बिल्ला परत मागवून घेतला. माणूस मारल्याबद्दल त्याने सात वर्षांची शिक्षा भोगलेली होती. बिल्ल्याच्या अर्जाला जोडलेल्या चारित्र्याच्या दाखल्यावर माझ्या वडिलांची सही होती. सहीच्या वरचा मजकूर माझ्या अक्षरात होता. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते.

बाबा संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात राजपत्रित अधिकारी होते. जबलपूरच्याच गोरखपूर भागात आम्ही राहत होतो त्या गल्लीत असा दुसरा कोणी नव्हता. नोकरीचा अर्ज असो, कॉलेजातला प्रवेश असो, राजपत्रित अधिकाऱ्याची सही लागायची. त्यामुळे रविवारी सकाळी आमच्या व्हरांड्यात रांग असे. आधी मराठी घरांतली माणसं येत, मग त्यांच्या ओळखीची येऊ लागली, मग कोणीही. बाबांनी कधी कोणाला परत पाठवलं नाही. "सहीला काय लागते? शाई," असं ते म्हणायचे.

नाव, वडिलांचं नाव आणि पत्ता मी भरायची. बाबा पेपर वाचता वाचता सही करायचे. शिक्का मी मारायची. छापील नमुना हिंदीत होता. 'मी या इसमास गेल्या अमुक वर्षांपासून व्यक्तिशः ओळखतो, त्याची वर्तणूक चांगली आहे,' अशी त्यात ओळ होती. रिकाम्या जागी मी पाच लिहायची. एकदा दोन लिहिलं तेव्हा कचेरीने अर्ज परत पाठवला होता, तेव्हापासून सगळ्यांचं पाचच. तीन महिन्यांपूर्वी बदलून आलेल्या माणसालाही बाबा पाच वर्षं ओळखत असत.

त्या वर्षी ऑक्टोबरात कारखान्याच्या पाळ्या वाढल्या. बऱ्याच गाड्या सैन्याने घेतल्या. पाळीची माणसं ने-आण करायला कारखान्याने भाड्याच्या टॅक्सी लावल्या आणि चालक कमी पडू लागले. पोलिसांची चौकशी होऊन बिल्ला मिळायला एरवी महिने लागत. आता राजपत्रित अधिकाऱ्याचा दाखला जोडला की तात्पुरता बिल्ला लगेच मिळत होता.

तो ऑक्टोबरातल्या एका रविवारी आला. चाळिशीचा, किरकोळ अंगाचा, राखी स्वेटर घातलेला. चपला त्याने पायरीखालीच काढल्या होत्या. मी पत्ता लिहून पुढच्या ओळीवर आले.

"दीदी, पाँच साल तो मैं यहाँ था ही नहीं," तो म्हणाला.

"पाँच ही लिखते हैं, भैया," मी म्हटलं. "आगे कौन है?"

तो अजून काही बोलणार होता. तेवढ्यात मागच्याने आपला कागद पुढे केला. बाबांनी सही केली, मी शिक्का मारला.

त्याची गाडी कारखान्याच्या दवाखान्याला मिळाली. आई तिथे नर्स होती. पहाटे पाचला तो गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राही, हॉर्न वाजवत नसे. "कमी बोलते, बरं आहे," असं आईने पहिल्या आठवड्यात सांगितलं. "आधीचा तर सारा रस्ता बिड्या ओढून राहायचा."

युद्ध सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी आमच्याकडे टपालाने एक पत्र आलं. खाली नाव नव्हतं. पत्र परवाना समितीला लिहिलेलं होतं, ही त्याची प्रत होती. अमुक चालकाने ट्रक अड्ड्यावरच्या भांडणात जॅकच्या टॉमीने, म्हणजे चाक काढायच्या लोखंडी दांड्याने, एकाचं डोकं फोडलं. तो माणूस मेला. सात वर्षं तुरुंगात काढून हा मार्च महिन्यात सुटला. असा माणूस पहाटेच्या अंधारात कारखान्याच्या बायकांना नेतो. त्याला पाच वर्षं ओळखतो असं लिहून देणारे अधिकारी कोण, याची चौकशी व्हावी.

बाबा पत्र हातात धरून खुर्चीत बसून राहिले.

"काहून असे बसले?" आईने विचारलं.

बाबांनी पत्र तिच्यापुढे धरलं. तिने ते उभ्यानेच वाचलं.

"लढाई चालू आहे," बाबा म्हणाले. "कारखान्याचा अधिकारी कारखान्याच्याच गाडीसाठी खोटं लिहून देतो. काय होईल, समजते तुला?"

"काय होईल?"

"नोकरी जाईल. त्याच्या पुढचं मी बोलत नाही."

बाबांना निवृत्तीला नऊ वर्षं होती. आईच्या पगारात घर चाललं नसतं. धाकट्या भावाची शाळा आणि माझं कॉलेज दोन्ही व्हायचं होतं. त्या रात्रीपासून घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. ब्लॅकआउटसाठी काचांना खाकी कागद चिकटवलेले होते आणि दाराशी पाऊल वाजलं की बाबा उठून उभे राहत.

आईने दुसऱ्या दिवशी त्या गाडीने जाऊ नये, असं बाबांचं म्हणणं होतं.

"मग दुसरी गाडी कोण पाठवून राहिलं?" ती म्हणाली. "तुमचा दाखला पाठवा मला न्यायला."

मी सोबत जाईन असं मी म्हटलं. का म्हटलं ते मला नीट सांगता येणार नाही. आईला एकटीला पाठवायची भीती वाटत होती, एवढं आठवतं.

गाडीत आई, मी आणि आणखी दोन नर्सा होतो. मी त्याच्या बरोबर मागे बसले. दिव्यांना वरून अर्ध्यापर्यंत काळा रंग दिलेला होता आणि रस्ता चार-पाच हातांच्या पुढे दिसत नव्हता. मी त्याच्या मानेकडे पाहत होते. मानेवरचे केस नुकतेच कापलेले होते. शहर संपून वस्ती तुटली तिथे गाडी डावीकडे ओढली, हळू झाली आणि थांबली. तो काही न बोलता उतरला, मागे गेला आणि डिकी उघडली. लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज झाला. तो माझ्या बाजूच्या दाराशी आला तेव्हा त्याच्या हातात टॉमी होता.

मी आईचा दंड धरला. माझ्या नखांच्या खुणा तिच्या दंडावर पुढे दोन दिवस होत्या.

"पंचर है," तो म्हणाला. "माताजी, आप लोग उधर खड़े हो जाइए. दीदी को भी ले लीजिए."

आई उतरली. कागद गुंडाळलेला टॉर्च तिने त्याच्यासाठी धरला. मला उतरताच येईना, तेव्हा एका नर्सने हात धरून उतरवलं. तो चाकाशी उकिडवा बसला, टॉमी लावून बोल्ट सैल केले, चाक बदललं. दहा-बारा मिनिटं लागली. टॉमी परत ठेवण्याआधी त्याने तो फडक्याने पुसला.

"थंडी आहे तरी तुझा हात घामाने ओला," आई मला गाडीत म्हणाली. "भूत पाहिलं का काय?" पुढे बसलेल्या नर्सला हसू आलं. तो हसला नाही.

पुढच्या दिवशी त्याचा बिल्ला काढून घेतला आणि बाबांना समितीची नोटीस आली. मजकूर ज्याच्या अक्षरात आहे त्यानेही हजर राहावं, असं तिच्यात होतं.

बाबांच्या कारखान्यातले एक साहेब संध्याकाळी घरी आले. त्यांनी चहा घेतला आणि मार्ग सांगितला. "सीधी बात है. म्हणायचं, याने फसवलं. ओळखीचा आहे असं सांगून सही घेतली. तो तसाही जेलचा माणूस. दोन वर्षं अजून जाईल. तुमचं काय जाते?"

नंतर बाबा आरशासमोर दाढी करताना पुटपुटत. 'मुझे धोखा दिया गया.' मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. व्हरांड्यात तो माझ्याशी काय बोलला होता, ते माझ्याशिवाय घरात कोणाला माहीत नव्हतं. ते सांगितलं तर बाबांची सुटायची वाट बंद होत होती. पाच दिवस मी ते सांगितलं नाही. सायरन वाजला की बरं वाटायचं, कारण तेवढा वेळ सगळे त्याच एका गोष्टीला भीत.

समितीत तिघे होते: अध्यक्ष, एक पोलीस अधिकारी आणि एक निवृत्त शिक्षक. बोलणं हिंदीत झालं, इथे बहुतेक मराठीत दिलं आहे. आम्ही तिघे, म्हणजे बाबा, मी आणि तो चालक, भिंतीलगतच्या एकाच बाकावर होतो. बाबा मध्ये बसले होते.

"शिक्षा झालेल्या माणसाला बिल्ला द्यायचाच कशाला?" पोलीस अधिकारी म्हणाले. "दुकानदार वाईट निघाला तर गिऱ्हाईक दुकानाबाहेर पडतं. चालत्या गाडीतून बाई कुठे जाणार? माझ्या घरच्यांना मी या गाडीत बसवणार नाही."

"सात वर्षं सांगितली, सात भोगली," शिक्षक म्हणाले. "आता बिल्ला नाही म्हणता. ही आठव्या वर्षाची शिक्षा कोणत्या कोर्टाने दिली?"

"मास्तरसाहेब, तुम्ही सायकलवर फिरता."

"म्हणूनच जिवंत आहे," शिक्षक म्हणाले. अध्यक्षांनी टेबलावर पेन्सिल आपटली आणि आधी कागदाचं पाहू म्हणाले.

त्यांनी चालकाला उभं केलं. दाखला घेताना शिक्षेची गोष्ट त्याने लपवली का, असं विचारलं. त्याने बाबांकडे पाहिलं.

"जी," तो म्हणाला. "छुपाया."

पोलीस अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. मग मला उभं केलं. अक्षर माझं आहे का, म्हणून विचारलं. मी हो म्हटलं.

"पाच वर्षं असं याने सांगितलं?"

अध्यक्षांनी प्रश्न पुन्हा विचारला.

"नाही," मी म्हटलं. "पाच वर्षं मी इथे नव्हतोच, असं ते म्हणाले होते. मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही."

"आणि तुम्ही काय लिहिलंत?"

"पाच."

"का?"

"सगळ्यांचं पाचच लिहिते."

अध्यक्षांनी चालकाला विचारलं, मग तू लपवलं असं का म्हणालास?

"साहब, एक तरफ जेल से आया आदमी, एक तरफ साहब की लड़की," तो म्हणाला. "आप किसकी मानते?"

बाबांना उभं केलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. आपल्याला कोणी फसवलं नाही, असं ते म्हणाले. सही न वाचता केली होती. असे किती दाखले दिले, असं अध्यक्षांनी विचारलं. "मोजले नाहीत," बाबा म्हणाले.

निर्णय त्याच दुपारी सांगण्यात आला. बिल्ला रद्द. चालकाला पुन्हा अर्ज करता येईल, मात्र त्याला खरोखर ओळखणाऱ्या अधिकाऱ्याने, शिक्षेचा उल्लेख करून, दाखला दिला पाहिजे. अधिकाऱ्याच्या वर्तनाबद्दल कारखान्याला कळवण्यात येईल.

घरी येताना गल्लीच्या वळणावर बाबा एवढंच म्हणाले, "आधी सांगायचं होतं मला."

रविवारी व्हरांड्यात रांग नव्हती. बातमी पसरली होती. दहाच्या सुमाराला तो आला. चपला पायरीखाली काढल्या. हातात नवा छापील नमुना होता. मला पुन्हा तशीच भीती वाटली, गाडीत वाटली होती तशी, आणि मी दारातच उभी राहिले.

"साहब ना कहेंगे तो चला जाऊँगा," तो म्हणाला. "और कोई अफसर मुझे जानता नहीं."

बाबांनी नमुना घेतला नाही, नाहीही म्हटलं नाही. कारखान्याचं पत्र अजून यायचं होतं. त्या पत्राआधी याच माणसाच्या कागदावर दुसरी सही केली तर काय होईल, ते घरात सगळ्यांना माहीत होतं.

"मी ओळखते त्याला," आई आतून येत म्हणाली. "रोजची बसून राहिली मी त्याच्या गाडीत. पण माझी सही चालत नाही ना."

"किती दिवस झाले?" बाबांनी तिला विचारलं.

तिने बोटांवर मोजलं. "परवा दोन महिने होतील."

"बस म्हणावं त्याला," बाबा म्हणाले.

तो खुर्चीवर बसला नाही, पायरीवर बसला. मी लिहायला घेतलं. रिकाम्या जागेपुढे छापलेला 'वर्षांपासून' हा शब्द खोडून 'दोन महिन्यांहून दोन दिवस कमी' असं लिहिलं. खाली शिक्षेची ओळ घातली, ती बाबांनी सांगितली तशी. त्याखाली आईने सांगितलेलं एक वाक्य: पहाटेच्या पाळीला गाडी कधी उशिरा आली नाही. बाबांनी कागद चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग सही केली. मी शिक्का मारला आणि तारीख घातली.

कारखान्याचं पत्र जानेवारीत आलं. लेखी ताकीद आणि एक वेतनवाढ बंद. समितीने बिल्ला फेब्रुवारीत दिला, सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्याच वेळेसाठी.